लाली किती वेळात गेली

— नाही नाही मावशी, उठू नका, तुमचाच नंबर पहिला आहे. बसा तशाच. मी फक्त एवढं लिहून घेतो. अठरा फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी धुकं, नऊनंतर ऊन, वारा नाही. — छे, फाईल नाही ही, ही माझी वही. फाईलमध्ये हवामान कोण लिहितं? सुतारकामातली सवय आहे ती. लाकडाला हवा लागते ना — ओल्या दिवसांत घट्ट बसवलेला दरवाजा कोरड्या दिवसांत खुळखुळतो, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं मिस्त्रींनी माप चुकवलं. म्हणून चौदाव्या वर्षापासून रोज तारीख, हवा आणि त्या दिवशी काय केलं ते लिहितो. आता सत्तेचाळीस झाली. लाकूड सुटलं, वही सुटली नाही. वर्गातली पोरं हसतात, काका आज तापमान किती म्हणून विचारतात, मीही सांगतो. तुम्ही एकट्याच मला अजून मिस्त्री म्हणता, बाकीचे पेशंट सर म्हणतात, आणि सर म्हटलं की मी मागे वळून बघतो, कोण आलं म्हणून.

अकराला वीस कमी आहेत. आमच्या शिकवणाऱ्या मॅडम अकराला येतात, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. त्या यायच्या आधी मी तुमचा हा कृत्रिम पाय काढायचा, आतले मोजे काढायचे, बघायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. ही इथली पद्धत. त्या आल्या की आधी फाईल वाचतात, पेशंटकडे नंतर बघतात. आणि फाईलच्या मागच्या पानावर ही चौकट आहे बघा — हिच्या डोक्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, ‘स्वतःला काय खटकलं’. ही विद्यार्थ्यानं भरायची. भरली की मग त्या खाली आपला शेरा लिहितात. रिकामी असली तर त्या पेनाचं टोपणसुद्धा काढत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. चार वर्षांत मी त्यांना कोणावर ओरडताना ऐकलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं कितीदा वाटतं. ओरडणाऱ्या माणसाची भीती तो गप्प झाला की संपते.

काढतो, काढतो. घाई नाही. सूनबाई कागद द्यायला खिडकीवर गेल्यात ना, तिथे रांग आहे, येतील पंधरा मिनिटांत. तुम्ही दारातून आलात ना, तेव्हाच बघितलं मी तुम्हाला. काठी नव्हती. पहारेकऱ्यानंसुद्धा मान हलवली, वा म्हणाला. मी मात्र — आता शिकलेलं डोळ्यातून जात नाही ना — मी बघत होतो तुमचा गुडघा. उजवा. पाऊल टेकताना किंचित बाहेर जात होता. किंचितच. एवढासा, दरवाज्याची बिजागरी एका स्क्रूनं सैल झाली की कवाड जसं जातं तेवढा. दुसऱ्या कोणाला दिसला नसता. माणूस असा गुडघा कधी फेकतो माहीत आहे? आत कुठेतरी काहीतरी टोचत असलं की, आपण त्याला चुकवतो. डोक्याला कळत नाही, गुडघ्याला कळतं. — हो, हो, तुम्हाला दुखत नाही. माहीत आहे. साखरेमुळे त्या बाजूला तुम्हाला कमी कळतं, ते पहिल्या पानावर लाल शाईत आहे, मीच लिहिलंय. म्हणूनच तर तुम्ही दुखत नाही म्हणालात की मला धीर येत नाही, मावशी, उलट असलेला सुटतो.

पाय इकडे स्टुलावर घ्या. असा. थांबा, आधी नुसती वरची कड बघतो मोज्याची. हं. — मोजा ओला आहे. धुतलात? आज सकाळी? असू दे. असू दे, धुतलेला चांगलाच. मी तुम्हाला सहा मोजे दिले होते, म्हणजे एक वाळत असेल तर दुसरा — असू दे. जरा वेळ तसाच राहू दे पाय, आरामात. मी तुम्हाला एक सांगतो तोवर.

आमच्या हिला मी विचारलं होतं, पाच वर्षं झाली त्याला, की मी असं असं शिकायला जाऊ का, कृत्रिम पाय बनवायला. बेचाळिसाव्या वर्षी. तिला विचारलं, भावाला विचारलं, दुकानासमोरच्या डॉक्टरांना विचारलं, ओळख ना पाळख अशा एकाला बसस्टॉपवर विचारलं. ही शेवटी वैतागली. म्हणाली, ‘तुम्हाला सल्ला नको असतो. तुम्हाला सही हवी असते.’ मी म्हटलं म्हणजे काय, तर म्हणाली जो नाही म्हणतो त्याच्याकडे तुम्ही दुसऱ्यांदा जात नाही. मी ते वहीत लिहून ठेवलं, तारखेसकट. वाईट वाटलं होतं म्हणून लिहिलं. पटलं होतं म्हणून नाही. तुमच्यासारखंच बोलते ती, सुईसारखं, टोचून दुसऱ्या बाजूनं बाहेर.

तुम्हीसुद्धा सांगितलं होतंत की मला एक. आठवतं? पहिल्याच दिवशी, माप घ्यायला आलात तेव्हा. म्हणालात, चाळीस वर्षं शिवणकाम केलं मिस्त्री, गिऱ्हाइकाला ‘बसतंय ना?’ असं कधी विचारलं नाही. बसतंयच म्हणतात सगळे. घरी जातात, आणि पुढचं कापड दुसऱ्या शिंप्याकडे टाकतात. गिऱ्हाइकाला म्हणायचं हात वर करा, खाली बसा, वळा. मग कपडाच सांगतो कुठे दाटतो ते. — हे बघा, सोळा जानेवारी, गुरुवार, ढगाळ, आणि खाली तुमचं वाक्य जसंच्या तसं. मॅडमही तेच शिकवतात. पेशंटला ‘बरं आहे ना’ विचारायचं नाही, ‘कुठे लागतं’ विचारायचं. दोन बायकांनी मला एकच गोष्ट सांगितली, एकीनं वर्गात आणि एकीनं या खुर्चीवर. सुंदर अक्षरात लिहून ठेवली मी. सल्ला सुंदर अक्षरात लिहिला ना की तो पाळल्यासारखंच वाटतं.

— माझे वडील ना? त्यांच्यामुळेच आलो इथे, सांगितलं नव्हतं का? बाबा आरागिरणीत होते. पाय गेला तिथेच, गुडघ्याच्या खाली, तुमच्यासारखाच उजवा. त्यांना लाकडी पाय मिळाला, जुन्या पद्धतीचा, आतून पोखरलेला, वर चामड्याचे पट्टे. मी दर सहा महिन्यांनी तपासणीला न्यायचो. डॉक्टर चांगले होते, वाईट म्हणणार नाही, पण दार उघडताच त्यांचा प्रश्न ठरलेला, काय आजोबा, बरं आहे ना? आणि बाबांचं उत्तर ठरलेलं, बरं आहे. दोन मिनिटांत बाहेर. घरी आलं की पाय खाटेखाली. आम्ही त्यांना ऐकवायचो, एवढा चांगला पाय दिलाय आणि तुम्ही घालत नाही, आळस आहे नुसता. मीच म्हणायचो हे. माझी जीभ. नऊ वर्षं.

ते गेले, आणि मग मी तो पाय पुसायला घेतला, कोणाच्या उपयोगी पडला तर द्यावा म्हणून. आत हात घातला. आत चिंध्या होत्या. बनियनची पट्टी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, जुन्या चपलेचा स्पंज, सगळं डिंकानं नीट चिकटवलेलं, वर्षावर वर्ष, थरावर थर. आणि वरच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला, लाकडात एक खळगा कोरलेला. तो बनवणाऱ्यानं केलेला नव्हता. कोरल्याच्या खुणा ओळखतो मी, मावशी. गोल पटाशीच्या होत्या, आणि माझ्याच पटाशीच्या होत्या — तिच्या पात्याला एक खाच होती आणि त्या खाचेनं प्रत्येक फटक्यात एक बारीक रेघ मागे सोडली होती. वही काढून शोधत बसलो. सापडलं. अकरा डिसेंबर, कोरडी थंडी, गोल पटाशीची धार गेली, पात्याला खाच, कोणी वापरली कळत नाही. त्या दिवशी मी कामावरच्या माणसाला खूप बोललो होतो त्यावरून. तो बिचारा नाही म्हणत राहिला. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. काय बोलणार, पाय बरा आहे असं सांगून बसले होते ना.

त्या खळग्यात माझा अंगठा बरोबर बसला. मी तो तसाच धरून बसलो किती तरी वेळ. लोक म्हणतात आयुष्यात काय करायचं ते सापडत नाही, हे वाच, त्याला भेट. मला ते एका पायाच्या आत सापडलं, अंगठ्याएवढं. हा खळगा आधीच ठेवणारा माणूस व्हायचं. पेशंटला चोरून कोरायला लागू नये. बस, एवढंच. एवढ्यासाठी दुकान भावाला दिलं, एवढ्यासाठी पोराच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसलो, हाडांची नावं पाठ केली, ती सुद्धा इंग्रजीत.

तो खळगा कशाचा ते सांगू? तुमच्या डाव्या पायाला हात लावा. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला. हाडाची एक गाठ लागते बघा, बोराएवढी. लागली? तीच. तिच्यावर कातडीशिवाय काहीच नसतं, मांस नाही, चरबी नाही. तिच्यावर दाब येता कामा नये. म्हणून आम्ही काय करतो — तुमच्या पायावर ओली प्लास्टरची पट्टी गुंडाळली होती ना, त्याआधी जांभळ्या पेन्सिलीनं मी गोल काढले होते तुमच्या पायावर, तुम्ही म्हणालात मेंदी काढताय का — ते गोल पट्टीच्या आत उतरतात. मग त्या साच्यात प्लास्टर ओतलं की तुमचा पाय तयार होतो, पांढरा, जांभळ्या गोलांसकट. आता त्या गाठीच्या गोलावर आणखी प्लास्टर चढवायचं. पाच मिलिमीटर. का? तर त्या पांढऱ्या पायावर गरम प्लास्टिक ओढून कप बनवायचा असतो, सॉकेट म्हणतात त्याला, ज्यात आत्ता तुमचा पाय आहे. बाहेर जिथे उंचवटा, आत तिथे खळगा. समजलं? पाच मिलिमीटर चढवलं की आत पाच मिलिमीटर जागा.

वीस जानेवारी, सोमवार, ढगाळ, हवेत ओल, प्लास्टर वाळायला वेळ. चढवलं मी. मोजून चढवलं. मग दुपारी शेवटचं काम, ओल्या पॉलिशपेपरनं सगळं गुळगुळीत करायचं. आणि इथे — मावशी, मी तुम्हाला हे सांगत नव्हतो, सांगणार नव्हतो. तीस वर्षं या हाताला एकच शिकवण आहे. फळीवर तळवा फिरवायचा, जिथे अडेल तिथे घासायचं. डोकं दुसरीकडे असलं तरी हात करतो ते. मी त्या दिवशी घरच्या गोष्टींचा विचार करत होतो, मुलीच्या प्रवेशाचा, आणि हात आपला घासत होता. घासलं, तळवा फिरवला, घासलं, तळवा फिरवला. शेवटी कुठेच अडला नाही. अंड्यासारखं झालं होतं काम. कुठेच अडला नाही, मावशी. अडायला हवा होता.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी तो पांढरा पाय उचलला, तळवा फिरवला वरून खाली, आणि म्हणाल्या, ‘हात अजून सुताराचाच आहे तुमचा.’ खाली ठेवला आणि गेल्या. मी खूश. घरी फोन लावला, म्हटलं आज शाबासकी मिळाली. ही विचारते कशावरून शाबासकी, काय म्हणाल्या नक्की? मी सांगितलं. ती म्हणाली, ‘अजून’ म्हणाल्या का? मी म्हटलं हो. तिनं फोन ठेवून दिला. मला तिचा राग आला, कधी म्हणून कौतुक करायचं नाही माणसाचं. म्हणजे बघा, मॅडमनी सांगितलं, बायकोनं पुन्हा सांगितलं, आणि मी दोन्ही वेळा शाबासकी ऐकली. नुसतं विचारायचं होतं, मॅडम, म्हणजे काय? दोन शब्द. पण चांगलं वाटत असताना माणूस विचारत नाही. आणि कप ओढून झाला की आतलं प्लास्टर फोडून टाकतात, म्हणजे नंतर बघायला काही शिल्लकच नसतं.

— मग कळलं कधी? — अकराला दहा कमी आहेत. — कळलं अठ्ठावीस जानेवारीला. तुम्ही पाय पहिल्यांदा घातलात तेव्हा. तुम्ही या दोन दांड्यांच्या मधून चाललात, तीनदा, डोळ्यांत पाणी होतं तुमच्या, म्हणालात आता पायमशीन चालवीन. आणि मी काय विचारलं? ‘छान वाटतंय ना, मावशी?’ असा चेहरा करून विचारलं की दगडानंही हो म्हटलं असतं. वर आणखी सांगितलं, ही माझी शेवटची केस आहे, ही झाली की पास, आणि या वयात वर्ष गेलं तर मला परत जमणार नाही. का सांगितलं मी हे तुम्हाला? आनंदात सांगितलं. गप्पा मारता मारता.

मग पाय काढला. मोजा काढला. त्या गाठीवर लाली होती. लाली सगळ्यांनाच येते, नवा कप असतो. नियम असा की घड्याळ लावून बसायचं, दहा मिनिटांत लाली गेली तर ठीक. नाही गेली तर तिथे दाब आहे, कप परत करायचा. मी घड्याळ लावलं. दहा मिनिटांनी होती. तुम्ही सूनबाईंना मशीनचं सांगत होता, कुठल्या खिडकीखाली ठेवायचं ते. पंधरा मिनिटांनी होती. वीस मिनिटांनी फिकट झाली, पंचविसाव्या मिनिटाला गेली. फाईलमध्ये — हे वाचा. नाही, मीच वाचतो. ‘लाली दहा मिनिटांत गेली. तक्रार नाही.’ आणि या चौकटीत, ‘स्वतःला काय खटकलं’ — ‘काही नाही’. सही. मॅडमनी टोपण काढलं, खाली लिहिलं, ‘विद्यार्थ्याच्या निरीक्षणावर विश्वास ठेवून पाय देण्यात येत आहे’. आणि ही माझी वही. अठ्ठावीस जानेवारी, मंगळवार, आकाश निरभ्र, थंडी कमी. मावशींचा पाय. लाली पंचवीस मिनिटं. फाईलमध्ये दहा लिहिलं. उद्या मॅडमना सांगायचं. — एकोणतीस जानेवारी, निरभ्र. सांगितलं नाही. — तीस जानेवारी, दुपारी वारा. सांगितलं नाही. — एकतीस. नाही. — एक फेब्रुवारी. नाही. त्याच्यापुढे तेही लिहिलं नाही, नुसतं हवामान आहे. बघा, सतरा दिवस नुसतं हवामान. तेहतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आता सांगा, मोजा का धुतलात?

नाही, रागावलो नाही. माझा काय अधिकार रागवायचा. नुसतं सांगा. काही दिसलं होतं मोज्यावर? — कधीपासून? — परवापासून. किती मोठा डाग? — बोटाच्या पेराएवढा. रंग? — लाल. — आणि आधी? पिवळट. आठ दिवस. आठ दिवस, मावशी. सूनबाईंना माहीत आहे? — नका रडू. बोलायचं नव्हतं म्हणजे? कोणासाठी? — माझी परीक्षा आहे म्हणून.

माझी परीक्षा आहे म्हणून.

मी तुम्हाला खळगा ठेवायला आलो होतो. इथे आलो होतो तो त्यासाठी. आणि तुम्ही आठ दिवस मोजे धुताय, सकाळी सूनबाई उठायच्या आधी. चिंध्या नाही चिकटवल्यात तेवढंच. — चिकटवल्यात? कापूस? बरं. बरं, असू दे. पुसा डोळे. या कपड्यानं नको, हा प्लास्टरचा आहे, डोळ्यात जाईल. हा घ्या.

ऐका. मी तुम्हाला खरं सांगतो मला कशाची भीती वाटतेय ते. नापास व्हायची नाही. म्हणजे आहे, ती आहेच. पण ही दुसरी आहे. गुडघा. तुमचा गुडघा शाबूत आहे म्हणून पायमशीन आहे, जिना आहे, चार पायऱ्या उतरून तुम्ही एकट्या दुकानात जाता. साखरेच्या माणसाची जखम हाडापर्यंत गेली तर डॉक्टर गुडघ्याच्या वरून — नाही बोलत मी ते. अजून मोजा काढलेला नाही मी. मोजा काढला नाही तोवर काहीच झालेलं नाही असं वाटत होतं मला, पंधरा मिनिटं तेच करतोय मी, बडबड. तुम्हाला गोष्ट सांगतोय असं स्वतःला सांगत होतो. बाबांच्या पायाबद्दल एवढं बोललो मी आणि तुमच्या पायाला अजून हात लावला नाही.

मॅडम यायच्या आधी नवा मोजा घालून ‘लाली नाही’ असं लिहिता येईल का — हा विचारही आला होता मला. आत्ताच आला होता, तुम्ही दारातून येत होता तेव्हा. तुम्हीही नाही म्हणाला नसतात. हे वहीत लिहिणार आहे मी आज. लिहायचं नसतं तर बोललोच नसतो.

अकराला सहा. चला. पाठ टेका. पट्टा सोडतो. दुखलं तर नाही, दुखलं नाही तर सांगा — म्हणजे मी हात लावतोय ते कळतंय की नाही ते सांगा. कुठे कळतं? — इथे? — आणि इथे? — इथे नाही. बरं. पाय निघाला. बाहेरचा मोजा. आता आतला. — थांबा. चिकटलाय. ओढत नाही, ओढायचा नसतो. सलाईनचं पाणी आहे इथे, ते लावतो, सुटू दे आपणहून. वर बघा तुम्ही, त्या खिडकीकडे. ऊन आलंय बघा धुक्यातून. मी बघतो इकडे. मला बघायलाच पाहिजे. — सुटतोय. एक कडा सुटली. — सुटला.

थांबा, हलू नका. मोजपट्टी लावून मोजतो. आणि लिहितो. हेच आधी करायला हवं होतं, अठ्ठावीसलाच, मोजायचं आणि दिसतं ते लिहायचं, त्याला काय चार वर्षं लागतात शिकायला.

‘दहा’ खोडलं. पंचवीस लिहिलं. बाजूला सही आणि आजची तारीख. चौकटीतलं ‘काही नाही’ खोडलं. — वाचतो, तुमचा हक्क आहे. ‘गाठीवरचं पाच मिलिमीटर प्लास्टर पॉलिश करताना मी घासून काढलं. लाली पंचवीस मिनिटं राहिली, मी दहा लिहिली. पेशंटला माझ्या परीक्षेबद्दल सांगितलं, म्हणून तिनं जखम लपवली. मॅडमच्या शेऱ्याचा अर्थ विचारला नाही.’ जागा संपली. बाकीचं समासात लिहिलं.

या मॅडम. फाईल इथे आहे. मागचं पान भरलंय.

— हो. — हो, माझ्याच हातानं. — वीस तारखेला. — हो मॅडम, तेव्हा मला शाबासकी वाटली.

मावशी, सूनबाई आल्या, कुबड्या आणल्यात त्यांनी. जखमेचा विभाग या दारातून उजवीकडे, तिसरी खोली, मॅडमनी चिठ्ठी दिली आहे, रांगेत उभं राहायचं नाही. सूनबाई, यांना हळू न्या, आणि मोजे सगळे इथे ठेवा, वाळत घातलेलाही आणून द्या. जाताना एवढं ऐका फक्त, मग निघा, मी वाचतो ते तुमच्याही कागदावर आहे. अठरा फेब्रुवारी, अकरा वाजून बारा मिनिटं. उजवा पाय, गाठीवर बाहेरच्या बाजूला जखम, लांबी दोन सेंटिमीटर, रुंदी दीड. हाड दिसत नाही. गुडघ्याला सूज नाही. पाय सहा आठवडे बंद. सॉकेट रद्द. केस नापास.